पाडव्याला सुपारी दिली, आता यात्रेत वग पुरा कसा करायचा?

कुकडीकाठ (धागाकर्ता)

काल पाडवा झाला. सकाळी गुढी उभारली, कडुलिंब-गूळ तोंडात टाकला आणि आम्ही गावचे सात जण जीप करून नारायणगावला गेलो. यात्रा कमिटीत यंदा पहिल्यांदा माझं नाव आलंय. वडील वीसेक वर्षं कमिटीत होते, त्यामुळे "सुपारी द्यायला चाललोय" (म्हणजे यात्रेसाठी तमाशाचा फड ठरवायला) हे वाक्य लहानपणापासून कानावर आहे. स्वतः राहुटीत बसून बोलणी करायची वेळ मात्र कालच आली.

लांबच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा फलक, त्यावर कलावंतांचे फोटो. आत एक टेबल, चार खुर्च्या, पंचांग आणि जाडजूड वही. आमच्या जुन्नर-आंबेगावचे, खेड-शिरूरचे, पार पारनेर-संगमनेरकडचे पंच टोप्या घालून एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरत असतात. सगळ्यांना आपापल्या गावची यात्रा सांगायची असते, आणि ती सांगायची तिथीनं, तारखेनं नव्हे. चैत्र पौर्णिमा, वद्य अष्टमी अशा दिवशी एकाच रात्री कितीतरी गावांची यात्रा असते. गावं जास्त आणि फड मोजके, त्यामुळे त्या तिथीला सुपारीचा आकडा चढतो. तोच फड मधल्या रिकाम्या दिवशी बऱ्याच कमी पैशांत मिळतो.

आमची यात्रा वद्य अष्टमीची. पहिल्या दोन राहुट्यांमध्ये वही उघडली तर अष्टमीपुढे दुसऱ्या गावचं नाव आधीच लिहिलेलं. तिसऱ्या ठिकाणी मॅनेजर म्हणाले, "एक गाव सांगून गेलंय, पण विसार दिलेला नाही. दोनपर्यंत वाट बघू." आम्ही दोनपर्यंत तिथंच बसलो. चहाचे चार कप झाले. दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पेन उचललं, आमच्या गावाचं नाव लिहिलं, करारपत्रावर सह्या झाल्या, नारळ हातात आला. तो नारळ घेऊन बाहेर आलो तेव्हा आपलं नवं वर्ष आता सुरू झालं असं मला खरोखर वाटलं.

आता अडचण सांगतो. गेली तीन वर्षं आमच्याकडे तमाशा अर्धाच होतोय. पालखीचा छबिना निघतो नऊला, देवळात परत येईपर्यंत साडेनऊ. तमाशा उभा राहतो, गण होतो, गवळण होते, दोन-चार गाणी होतात आणि दहा-सव्वादहाला स्पीकर बंद करायला सांगतात. वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं गोष्टीचं नाटक, होतच नाही. गेल्या वर्षी तर राजाचा पोशाख केलेले एक वयस्कर कलावंत कनातीमागे तसेच बसून राहिले. मी त्यांना चहा नेऊन दिला, पण त्यांच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही.

त्यामुळे गावातली पोरं म्हणतात, नुसती गाणीच होणार असतील तर रेकॉर्डवर नाचणाऱ्या मुलींचा कार्यक्रम आणा, तमाशा कशाला? कमिटीत मी एकटा भांडलो आणि या वर्षापुरती सुपारी तमाशाला मिळाली. पण वग झाला नाही तर पुढच्या पाडव्याला मला बोलायला तोंड नाही. तुमच्या गावाला हे कसं जमवतात? अनुभव लिहा.

येरळाकाठ

दादा, तळमळ पोचली. मी सांगली जिल्ह्यातला, आमच्याकडचा तमाशाचा पिंडच वगाचा. कवलापूरचे काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात दोघं हवालदार व्हायचे. हुबेहूब तोच चेहरा, तोच आवाज, त्यातला काळू कोणता आणि बाळू कोणता यावर आमच्या घरी पैजा लागायच्या. मी वडिलांच्या मांडीवर झोपायचो आणि हशा झाला की दचकून जागा व्हायचो. लोक पहाटेपर्यंत हलायचे नाहीत.

आमच्या भागाला या गोष्टीचा अभिमान आहे. 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात, १८६५ सालचा, आणि तो उभा करणारे उमाजी सावळजकर तासगावजवळच्या सावळजचे. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, घरदार सोडून फडात गेले, पवळाबाईबरोबर बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभे राहिले. दीडशे वर्षांत या मातीतली किती माणसं त्या वगासाठी आयुष्यातून उठली! आणि आपण तो दहा वाजता बंद करतो. वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर माझ्याकडे नाही, पण पोरांना एवढं विचारा की त्यांच्यापैकी कुणी एक तरी वग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलाय का. बघितलेला नसेल तर तो कंटाळवाणा आहे हे त्यांना कुणी सांगितलं?

गाडामालक

मी त्याच पोरांपैकी एक, म्हणून लिहितो. गाव कुकडीकाठ दादांच्या शेजारचंच आहे.

तमाशाला आमचा विरोध नाही. पण आम्ही जो बघितलाय तो असाच अर्धा बघितलाय. गण-गवळण पंधरा मिनिटं, मग सिनेमाची गाणी, तीही चिठ्ठी आणि नोट पाठवून फर्माइशीची. मग वेगळ्या कार्यक्रमात आणि यात फरक काय राहिला? तिथं आवाज, लाइट तरी चांगले असतात. दुसरं, वर्गणी आम्ही काढतो. घरोघर पावती पुस्तक घेऊन फिरतो तेव्हा लोक विचारतात, या वर्षी काय आणलंय? उत्तर द्यायला लागतं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. २०१४ ते २०२१ बैलगाडा शर्यती बंद होत्या. शर्यतीचे घाट ओस पडलेले. तेव्हा मुंबईची माणसं यात्रेला यायची ती तमाशासाठीच. आमच्या घरी तेव्हा पाहुणे कमी झाले, पण अगदीच बंद झाले नाहीत, ते फडामुळं. हे मी विसरलेलो नाही.

बोर्डावरची

बराच वेळ नुसतं वाचत होते, पण आता लिहायलाच हवं. मी फडात जन्मलेली. आई नाचायची, मामा सोंगाड्या, आजोबा ढोलकी वाजवायचे. मी स्वतः नऊ वर्षं बोर्डावर होते, आता शिक्षिका आहे.

वग गेला की काय जातं ते आतून सांगते. आमच्या फडात ऐंशी-पंच्याऐंशी माणसं होती. नाचणाऱ्या मुली त्यात दहा-बारा. बाकी कोण? ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज वाजवणारे, पेटीवाला, मावशी, पेंद्या, सरदार, सोंगाड्या, वगातले राजा-प्रधान-दरोडेखोर, आचारी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे बिगारी. बाई नाचायची थांबली की ती वगात राणीची आई होते, पाटलीण होते. म्हणजे पन्नाशीतही तिला बोर्ड असतो, पगार असतो. वग काढला की पहिल्यांदा हीच माणसं घरी बसतात. तुम्ही ज्यांना चहा दिला ना दादा, तसे माझे मामा. शेवटच्या दोन हंगामांत त्यांनी किती वेळा रंग लावला आणि न बोलताच पुसला, त्याची गणती नाही.

फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतं. दसऱ्याच्या आधी कलावंतांना उचल द्यावी लागते, त्यासाठी मालक व्याजानं पैसे काढतो. दिवाळीनंतर तंबू लावून तिकिटावर खेळ होतात, त्यात पोट निघालं तर निघालं. खरी कमाई चैत्राची, कारण यात्रेची सुपारी ठरलेली असते, गल्ल्यावर अवलंबून नसते. उचल फेडायची ती त्यातून. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरचं लॉकडाऊन त्याच दिवशी सुरू झालं. त्या साली राहुट्या लागल्याच नाहीत. २०२१ ला परत तेच. २०२२ च्या पाडव्याला सरकारनं निर्बंध उठवले तेव्हा आमच्याकडची निम्मी माणसं कांदे काढायला, वीटभट्टीवर गेलेली होती. त्यातली काही परत आलीच नाहीत.

गाडामालक भाऊ, फर्माइशीबद्दल तुमचं खरं आहे. पण चिठ्ठी गावातूनच येते, आणि ती नाकारली तर समोरून दगड येतो, हेही मी अनुभवलंय. फडाला वग करायचा असतो. त्याच्या तालमी गणपतीच्या दिवसांत चालतात. कागद नसतो, गोष्ट तोंडी सांगतात आणि संवाद ज्यानं त्यानं आपल्या हिमतीवर रचायचे. गावानं सांगितलं, "आम्हाला वग हवाय", तर फड जीव ओतून करील.

आणि कुकडीकाठ दादा, वाट तुमच्या गावातच आहे. हजेरी! दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे फडाचा सकाळचा कार्यक्रम, तुमच्याकडे होते ना? वग तिथं घ्या.

कुकडीकाठ

ताई, अंगावर काटा आला वाचून. हजेरी होते, पण नावापुरती. अकराला सुरू होते, तासभर गाणी, मग सगळे कुस्त्यांच्या आखाड्याकडे पळतात. हजेरीत वग ही कल्पनाच आमच्या डोक्यात कधी आली नाही. फड तयार होईल?

बोर्डावरची

होईल, पण आत्ताच फोन करून सांगा, ऐन वेळी नको. फडाला त्याच रात्री पुढच्या गावी उभं राहायचं असतं. ट्रक भरायला दोन तास लागतात. म्हणजे सकाळी साडेआठला सुरू करून बाराच्या आत संपवायला हवं. त्यासाठी माणसं रात्री झोपायला हवीत. शाळेच्या खोल्या उघडून द्या, बायकांना वेगळी खोली आणि आंघोळीला आडोसा द्या, रात्रीचं जेवण वेळेवर द्या. एवढं केलंत तर सकाळी सोंगाड्या तुम्हाला रडवील आणि हसवील. बहुतेक गावं फड आला की ट्रक कुठं लावायचा ते दाखवतात आणि निघून जातात.

सातबारा

कायद्याची बाजू सांगतो, कारण "पोलीस त्रास देतात" एवढ्यावर चर्चा थांबू नये. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस गणपती, नवरात्र यांत जातात. गावची यात्रा त्यात बसत नाही. ठाण्यातल्या साहेबांच्या हातात ते नाही, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही.

म्हणून वेळ पुढे ढकलण्यापेक्षा मागे आणा. छबिना नऊऐवजी दिवेलागणीला काढला तर तमाशा पावणेआठला उभा राहतो. सव्वादोन तास मिळतात. गण, गवळण, बतावणी (सोंगाड्याचे विनोदी संवाद), लावण्या आरामात होतात. सकाळी वग. परवानगीचा अर्ज यात्रेआधी निदान पंधरवडाभर द्या, त्यात हजेरीची वेळही लिहा, म्हणजे सकाळीही कुणी अडवणार नाही.

येरळाकाठ

सातबारा यांना अनुमोदन. तमाशावर सरकारी गंडांतर काही नवीन नाही. १९४८ च्या सुमाराला बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदीच घातली होती. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अटी घालून परवानगी दिली. तेव्हापासून फलकावर 'लोकनाट्य' हा शब्द जास्त दिसायला लागला. त्यातूनही फड तगले. दहाच्या नियमातूनही तगतील, गावानं वेळ काढला तर.

माहेरवाशीण

मी आंबेगाव तालुक्यातली, आता ठाण्यात असते. सकाळच्या वगाबद्दल वाचून राहवलं नाही.

आमच्या घरी बायकांनी तमाशाला जायचं नाही असा दंडक होता. कुणी काही बोलायचं नाही, ते ठरलेलंच होतं. यात्रेच्या रात्री पुरणपोळ्यांचा घाणा उरकला की मी, आई आणि काकू माळवदावर जाऊन बसायचो. देऊळ दिसायचं नाही, नुसता उजेड दिसायचा. ढोलकी ऐकू यायची, मध्येच सगळ्या गावाचा एकदम हशा यायचा, आणि काकू म्हणायची, "काय बोलला असंल गं मेला?" आम्ही कधीच ऐकू शकलो नाही तो काय बोलला ते. वडील सकाळी थोडं सांगायचे, तेही घरात सांगण्याजोगं तेवढंच.

ज्या विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, त्या आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर राहायच्या, आणि माझ्या आईनं त्यांना एकदाही बोर्डावर पाहिलं नाही. पोटात कळा सुरू असताना त्या बोर्डावर नाचल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत उभ्या राहिल्या, ही गोष्ट आई आम्हाला सांगायची ती दुसऱ्यांकडून ऐकलेली. २००२ च्या जानेवारीत विठाबाई गेल्या तेव्हा आई पेपर हातात धरून बराच वेळ बसली होती.

कुकडीकाठ दादा, सकाळी वग ठेवणार असाल तर बायकांना पुढे बसवा. बाजूला दोरी बांधून कोपऱ्यात नको. मी यात्रेला येते, आईला घेऊन.

फडके_रोड

शहरातला पाडवा वेगळा, तरी एक सांगतो. डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानानं पाडव्याची शोभायात्रा सुरू केली आणि नंतर ती गावोगाव पसरली. लेझीम, ढोल-ताशा, चित्ररथ, सगळं जिवंत. माझ्या मुलीनं यंदा लेझीम धरली. महिनाभर रोज रात्री गच्चीवर सराव चालायचा. पण शोभायात्रा समोरून निघून जाते. एका जागी बसून गोष्ट ऐकणं त्यात नाही. तुमच्या धाग्यावरून मनात आलं, यात्रा संपते त्या चौकात दुपारी एक वगनाट्य का ठेवू नये? पुढच्या वर्षीच्या बैठकीत विषय मांडणार आहे.

माटोळी

गोंयांतून. आमच्याकडे फड बाहेरून येत नाही, गावचेच लोक उभे राहतात. देवळाच्या उत्सवात मराठी नाटक करायचं तर शिंपी, बसचा ड्रायव्हर, बँकेतला कारकून सगळे दोन-दोन महिने तालीम करतात. साखळीला विठ्ठलाच्या चैत्रोत्सवात वीरभद्र येतो. ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सहा वर्षांची होते, दोन्ही हातांत तलवारी घेऊन तो गर्दीत शिरला आणि मी बाबांच्या पाठीमागे लपले. तो नाचणारा माणूस आमच्या ओळखीचा होता, पण त्या रात्री ओळखला नाही.

तुमच्या गावच्या पोरांना वगात एखादं छोटं काम द्यायला फड तयार होईल का? दरबारातला शिपाई, भालदार-चोपदार, काहीही. आपला पोर बोर्डावर आहे म्हटल्यावर अर्धं गाव येतं, हा आमचा अनुभव.

डोंगरवाट

माटोळीताईंच्या सूचनेला जोड. जव्हार-मोखाड्याकडे चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. मुखवटे गावचे, ते बांधून नाचणारेही गावचे, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते ठरलेलं. बाप थकला की पोरगा तोच मुखवटा बांधतो. संबळ-सनईवर रात्रभर सोंगं येत राहतात. त्यामुळे तिथं "या वर्षी काय आणलंय" हा प्रश्नच पडत नाही.

दूरदेशी

मी पंधरा वर्षं परदेशात आहे. आमच्या मंडळाचा पाडवा जवळच्या शनिवारी, शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन. दर वर्षी रेकॉर्डवर लावण्या बसवतो. दोन वर्षांपूर्वी एकानं भारतातून ढोलकी आणली, रोज सकाळी ऑफिसच्या आधी शिकला, आणि आम्ही चाळीस मिनिटांचा छोटा वग केला. नाचणारी चुकली तर ढोलकी तिच्यासाठी थांबली, सांभाळून घेतलं, आणि ते सगळ्या हॉलला दिसलं. रेकॉर्ड थांबत नाही. त्यानंतर आमच्याकडे रेकॉर्डवरची लावणी कुणी मागितलेली नाही.

कुकडीकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री देवळात बैठक झाली. हा धागा मी मोबाईलवरून वाचून दाखवला, बोर्डावरची ताईंचा आणि माहेरवाशीण ताईंचा प्रतिसाद तर अक्षरन् अक्षर. छबिना लवकर काढायला दोन वडीलधारी मंडळी तयार नव्हती. देवाची पालखी रात्रीच निघायची, असं त्यांचं म्हणणं. शेवटी गुरवानंच सांगितलं की दिवे लागले की रात्रच धरतात, देवाला चालतंय. तिथं विषय संपला.

ठरलं ते असं: छबिना साडेसहाला, तमाशा पावणेआठ ते दहा, दुसऱ्या दिवशी साडेआठला हजेरीत वग, कुस्त्या दुपारी दोननंतर. फडाच्या मॅनेजरला तिथूनच फोन लावला. ते दोन क्षण काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पुरा वग मागणारं गाव या हंगामात तुमचंच."

गाडामालक, तू शेजारच्या गावचा असलास तरी तुला आणि तुझ्या मित्रांना एक काम आहे. वगात चार शिपाई लागणार आहेत.

गाडामालक

येतो. मिशी खरी आहे, चिकटवायला लागणार नाही.

कुकडीकाठ

यात्रा झाली. तीन दिवस झोप नव्हती, म्हणून उशिरा लिहितोय.

रात्रीचा तमाशा वेळेत उभा राहिला. गण, गवळण, मावशीनं कृष्णाला अडवून असा काही जाब विचारला की लहान पोरं लोळली. बतावणीत आमच्या गावच्या अर्धवट राहिलेल्या पाण्याच्या टाकीचा उल्लेख आला, तो फडाला कुणी सांगितला देव जाणे! लावण्या झाल्या. फर्माइशीच्या चिठ्ठ्या आम्ही कमिटीवालेच पुढे उभं राहून परत पाठवत होतो. एक जण चिडून उठून गेला. दहाला पाच कमी असताना ढोलकी थांबली. कुणाला सांगायला लागलं नाही.

सकाळी आठला मी शाळेकडे गेलो तर हलगीवाला पाचोळा पेटवून हलगी शेकत बसलेला. वऱ्हांड्यात आरसा टेकवून एक बाई स्वतःच्या पायात घुंगरांचे चाळ बांधत होत्या. एका पायाचे चाळ बांधायला पुरती दहा मिनिटं. पिंडरीवर जुने काळे वळ होते, आणि त्यावरूनच पुन्हा पट्टा आवळला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "पाच किलो एका पायाला. रात्री काढले तरी झोपेत वाजतात."

मांडवात पुढे बायका. माहेरवाशीण ताई आईंना घेऊन खरंच आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. माझी आजीही होती, वय ब्याऐंशी. सारं आयुष्य यात्रेच्या गावात काढलं आणि तमाशाच्या मांडवात ती त्या दिवशी पहिल्यांदा आली. गेल्या वर्षी कनातीमागे बसून राहिलेले तेच कलावंत यंदा राजा झाले होते! फड वेगळा, पण माणूस तोच. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं असावं, कारण माझ्याकडे बघून मान हलवली. दिवसाच्या उजेडात रंगाखालच्या सुरकुत्या दिसत होत्या, मुकुटाचे खडे पडलेले दिसत होते. पण धाकट्या राणीचं ऐकून त्यांनी इमानी प्रधानाला देशोधडीला लावलं आणि शेवटी तोच प्रधान आंधळा होऊन दारात आला, तेव्हा "कोण आहे रे दारात?" एवढं एक वाक्य त्यांनी असं उच्चारलं की मांडवात सुई पडली तरी ऐकू आली असती. माझ्या शेजारचा पैलवान गडी पटक्यानं डोळे पुसत होता.

गाडामालक आणि तिघं शिपाई भाले घेऊन उभे होते. त्याला एकच वाक्य होतं, ते तो विसरला. सोंगाड्यानं तिथल्या तिथं त्याची अशी फिरकी घेतली की ते वाक्य असण्यापेक्षा नसणंच जास्त रंगलं. दूरदेशी यांनी ढोलकी थांबल्याचं लिहिलं होतं, त्याची आठवण झाली.

बाराला दहा कमी असताना भैरवी झाली. आजी घरी येताना एवढंच म्हणाली, "आवाज वळखीचा व्हता रं, मानसं आज बगितली."

माहेरवाशीण

आई परतीच्या एस्टीत पूर्ण रस्ताभर बोलत होती. घरी आल्यावर काकूला फोन लावला आणि वगातलं एकेक वाक्य तिला सांगत बसली. पाऊण तास.

बोर्डावरची

मामांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय, पुढच्या पाडव्याला त्या गावचे पंच कुठल्या राहुटीत येणार आहेत?

कुकडीकाठ

ताई, आम्ही त्याच फडाकडे जाणार आहोत. ट्रक भरून होईपर्यंत मॅनेजर माझ्याबरोबर पारावर बसले होते. त्यांनी पुढच्या वर्षाच्या वहीत वद्य अष्टमीपुढे आमच्या गावाचं नाव पेन्सिलनं लिहून घेतलंय, शेजारी कंसात 'सकाळी वग'. विसार मात्र पाडव्यालाच घेतात. मामांना घेऊन या, चहा आमच्याकडून.